परसातल्या रानभाज्या आणि फुलं : काय खुडायचं, कधी आणि कसं

माळरान
लातूरच्या बाहेर नव्या वसाहतीत घर आहे, मागं सव्वा गुंठा जागा मोकळी. जमीन काळी, पुढच्या अंगाला मुरमाचा भराव. मृगाच्या पावसानं सगळं हिरवंगार झालंय. तांदूळजा, घोळ, तरोटा, केना एवढं ओळखू येतं. जमिनीला चिकटून पसरलेलं बारीक पानांचं एक आहे, ते चिघळ असावं. बाकी पाच-सहा प्रकारांची नावं माहीत नाहीत. तारेच्या कुंपणाला गोकर्ण आणि जास्वंद, कोपऱ्यात हादगा अन् शेवगा. सोमवारी खुरपणीला बाया येणार, त्याआधी काय राखायचं ते ठरवायचंय. नुसती नावांची यादी नको. कोणत्या टप्प्यावर खुडायचं, काय काढून टाकायचं आणि कशाशी गल्लत होते, ते सांगा.

गंगथडी
झाडाआधी जागा बघा. तुम्ही फवारलं नसेल, पण शेजारचा प्लॉट मोकळा असेल तर तिथं कुणी ना कुणी तणनाशक मारतंच. ग्लायफोसेट मारलेलं तण लगेच पिवळं पडत नाही, आठवडा-दहा दिवस चांगलं हिरवं दिसतं. म्हणजे डोळ्यांवर भरवसा नाही, शेजाऱ्याला विचारूनच घ्या. २,४-डी या दुसऱ्या तणनाशकाचा वारा लागला असेल तर मात्र दिसतं: शेंडे पिळवटतात, देठ वाकडे होतात, पानं चमच्यासारखी वळतात. असं एकही रोप दिसलं तर त्या बाजूचं दोन-तीन मीटर काही खुडू नका.

दुसरं, मुरमाच्या भरावात बांधकामाचा राडारोडा, जुना रंग, पत्रे-बॅटऱ्यांचा कचरा आहे का ते उकरून पाहा. माठ-तांदूळजा कुळातल्या आणि घोळीसारख्या भाज्या मातीतले जड धातू चांगलेच ओढून घेतात, आणि ते धुऊन किंवा शिजवून जात नाहीत. न्हाणीचं, धुण्याचं पाणी जिथं मुरतं तिथलं तर सोडूनच द्या, तिथला पाला कितीही लुसलुशीत असला तरी.

काळ्या रानातला मागचा भाग चांगला असेल तर तेवढाच धरा. चार माणसांना तेवढ्यातही पुरून उरेल.

बालाघाटी
ओळखीचं मी सांगतो. घोळ म्हणून लोक जे उपटून आणतात त्यात निम्म्या वेळा वसू असते. तिला कुठं खापरखुटी म्हणतात, कुठं विषखापरा. दोन्ही जमिनीवर पसरतात, दोन्हींचे देठ लालसर आणि मांसल, म्हणून फसगत होते. फरक असा. घोळीचं पान चमच्याच्या आकाराचं, जाड, गुळगुळीत, आणि शेंड्याला पानांचा झुबका. त्या झुबक्यात पिवळं फूल. वसूची पानं जोडीनं समोरासमोर येतात आणि जोडीतलं एक मोठं, एक लहान असतं. देठ जिथं खोडाला मिळतो तिथं पातळ पडद्याची पिशवी असते, फूल त्यातच दडलेलं, पांढरं किंवा गुलाबी. ती पिशवी नखानं उचकटून बघितली की पुन्हा चूक होत नाही. कोवळी वसू काही ठिकाणी खातात, पण जून पानांनी जुलाब लागतात. नवख्यानं तिच्या नादी लागू नये.

चिघळीची गल्लत लहान दुधी या चिकाच्या तणाशी होते. दुधीचं पान पातळ, चपटं, कडेला बारीक दातेरी, आणि मोडली की पांढरा चीक. चिघळीचं पान बारीक पण फुगीर, प्रत्येक पेऱ्याला पांढरे केस, फूल पिवळं चार पाकळ्यांचं. मोडल्यावर निघतं ते पाणीच. तुम्ही एक फांदी मोडून बघा आणि सांगा.

माळरान
पाणीच निघतंय, पेऱ्याला केसही आहेत. चिघळच. मग चीक निघाला की खायचं नाही, असा सरसकट नियम धरू का?

बालाघाटी
नका धरू, नाहीतर पाथरीला मुकाल. पाथरीला भरपूर चीक असतो आणि आपल्याकडं ती कच्चीच भाकरीसोबत खातात. तो नियम फक्त घोळ-चिघळ तपासायला.

पाथरी जमिनीसरशी बसते, पानं गोलाकार पसरलेली, कडा दातेरी आणि दातांची टोकं पांढुरकी, हाताला मऊ. फूल पिवळं, झिपरं. चीक पांढरा. हिच्याशी गल्लत होते ती पिवळ्या धोतऱ्याच्या, म्हणजे बिलायतच्या कोवळ्या रोपाची, विशेषतः रब्बीत. तेही तसंच जमिनीवर चक्राकार बसतं. पण त्याच्या पानांवर शिरांच्या कडेनं पांढरे पट्टे असतात, कडांना खरे काटे असतात आणि चीक पिवळाधमक निघतो. हे अजिबात पोटात जाता कामा नये. याच झाडाच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळल्यामुळं १९९८ मध्ये दिल्लीत ड्रॉप्सीची, म्हणजे अंगाला सूज येण्याच्या रोगाची, साथ आली होती आणि माणसं दगावली होती.

दुधनाकाठ
माळरान, तरोटा नक्की तरोटाच आहे का ते आधी बघा. त्याचा भाऊबंद कासविंदा तिथंच, त्याच वेळी उगवतो.

तरोट्याच्या एका पानाला पानकांच्या, म्हणजे देठावरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या, टोक गोल, बुडाकडं निमुळतं. संध्याकाळी पानं मिटतात. कासविंद्याला चार-पाच जोड्या, प्रत्येक पानक टोकाला अणकुचीदार, आणि पान चुरगाळलं की घाण वास येतो. वास तरोट्यालाही असतो, पण तो वेगळा, जरा उग्र एवढंच. खात्री करायची असेल तर भिंग घ्या: तरोट्याच्या खालच्या पानकांच्या जोड्यांमध्ये बारीक टोकदार ग्रंथी असते, कासविंद्याची ग्रंथी पार देठाच्या बुडाशी असते. घरात लहान लेकरं असतील तर कासविंदा मुळासकट उपटून टाका. पश्चिम उत्तर प्रदेशात त्याच्या शेंगा-बिया खाऊन मुलं दगावल्याचं डॉक्टरांनी शोधून काढलेलं आहे. यकृत, स्नायू आणि मेंदू, तिन्हींवर परिणाम होतो.

तरोटा वीतभर उंचीचा असेपर्यंतच. शेंड्याची कोवळी पानं घ्यायची. पुष्य नक्षत्र लागेपर्यंत तो जून होतो, फुलावर आला की कडू आणि चिवट. मग कितीही उकळा, चव येत नाही.

काळी_माती
एक गोष्ट राहिली. तांदूळजा खुडताना मुठीत धोतऱ्याचं (वरचा पिवळा धोतरा नव्हे) रोप येतं, तेच खरं घातक. पाच-सहा पानांचं असताना लक्षात येत नाही. धोतऱ्याच्या पानाच्या कडा ओबडधोबड खाचांच्या असतात, दोन्ही अर्धी देठापाशी एका रेषेत मिळत नाहीत, चुरगाळल्यावर उग्र घाणेरा वास. तांदूळजाचं पान अखंड कडेचं, टोकाला किंचित खाच असलेलं. म्हणून विळ्यानं सपासप कापायची भाजी ही नव्हे. एकेक काडी हातानं खुडायची, आणि निवडताना परत एकदा ताटात पसरून बघायची.

चुकून गेलंच पोटात तर तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. घरगुती उपाय करत बसू नका, उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि उरलेली भाजी किंवा रोप पिशवीत घालून सोबत न्या.

माळरान
आघाडा, कुंजर, काटेमाठ यांचं काय? फोटो बघून एवढी तीन ओळखली.

दुधनाकाठ
तिन्ही चालतात. आघाड्याची तुरा यायच्या आधीची पानं, तीही दुसऱ्या भाजीत मूठभर मिसळून. एकट्याची तुरट लागते. काटेमाठाचे काटे पानाच्या बगलेत असतात, म्हणून शेंडा न खुडता पानं ओरबाडून घ्या. कुंजर सगळ्यात गुणी: ना कडू, ना तुरट, ना चिकट. गुलाबी तुरे लागेपर्यंत खुडत राहा, फुटवे येत राहतात.

येसर
आता चुलीकडं वळू.

चिघळीचं सगळं यश धुण्यात आहे. ती मातीला चिकटून वाढते, त्यामुळं केसांत रेती बसते. चाळणीत धरून वरून पाणी सोडलं तर रेती तिथंच राहते. रुंद पातेल्यात बुडवायची, हलवायची आणि भाजी वर उचलून घ्यायची, पाणी ओतायचं नाही. बुडाला रेती दिसायची थांबेपर्यंत, चार-पाच पाणी तरी. मग पाव किलो चिघळीला अर्धी वाटी मुगाची डाळ, अर्धा तास भिजवलेली. तेलात दहा लसूणपाकळ्या ठेचून, चार हिरव्या मिरच्या, कांदा, डाळ परतून वाफ, डाळ बोटानं चेपायला लागली की चिघळ. झाकण ठेवायचं नाही. झाकलं की बुळबुळीत होते. मीठ शेवटी आणि अंदाजापेक्षा कमी, कारण ढीगभर भाजी वाटीभर होते आणि तिला मुळातच आंबट-खारट चव असते.

मिसळ पाल्याचं गरगटं करा. अर्धी वाटी तुरीची डाळ, मूठभर शेंगदाणे, घोळ-तांदूळजा-कुंजर मिळून चार मुठी, सहा मिरच्या. कुकरला तीन शिट्ट्या. गरम असतानाच एक चमचा ज्वारीचं पीठ भुरभुरून रवीनं घोटायचं. पीठ गार झाल्यावर घातलं तर गुठळ्या होतात. वरून लसणाची करपत आलेली फोडणी. घोळ असेल तर चिंच घालू नका, आंबट ढाण होईल. सोबत ज्वारीची भाकरी, दुसरं काही नको.

तरोटा मात्र आधी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, पिळून पाणी फेकायचं, मग हरभऱ्याच्या भिजवलेल्या डाळीबरोबर परतायचा.

केन्याच्या पानांची भजी करा, भाजीपेक्षा बरी. पान रुंद, कोवळं, एकेक अख्खं. बेसनात पाव भाग तांदळाचं पीठ, ओवा, हळद, तिखट. पीठ पानाला पातळ चिकटेल इतकं सैल. पान ओलं राहिलं तर तेल उडतं आणि भजं मऊ पडतं, म्हणून फडक्यावर पुसून घ्या.

गंगथडी
येसर, तांदूळजा आणि घोळीचंही उकळलेलं पाणी टाकून द्यायला सांगा. घोळ, चिघळ, तांदूळजा, आंबुशी या सगळ्यांत मुतखड्याला कारण होणारं ऑक्झॅलेट भरपूर. त्यातलं विरघळणारं ऑक्झॅलेट पाण्यात उतरतं.

येसर
सगळ्यांसाठी नाही. पाणी टाकलं की क जीवनसत्त्व आणि अर्धी चव गेली. मुतखड्याचा त्रास नसलेल्या माणसानं आठवड्यातून दोनदा गरगटं खाल्लं तर काय बिघडतं? त्याऐवजी सोबत ताक किंवा दही घ्यावं, त्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच धरून ठेवतं. आपल्याकडं पालेभाजीसोबत ताकाचा पेला असतोच.

गंगथडी
मान्य. मग असं म्हणू: मुतखडा झालेला किंवा किडनीचा आजार असलेला माणूस असेल तर घोळ-चिघळ टाळायची, बाकीच्या भाज्याही पाणी टाकून आणि थोड्याच, डॉक्टरांना विचारून. इतरांनी ताकासोबत खुशाल खावी. रक्त पातळ होण्याची वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू नये, के जीवनसत्त्वानं गोळीचा हिशोब बिघडतो. शेवग्याचा पाला त्यात पुढं.

काळी_माती
पाणी टाकायची एक वेळ मात्र सगळ्यांना लागू आहे. मराठवाड्यात पावसाचा खंड पडतो तेव्हा. झाड सुकायला लागलं की वाढ थांबते, पण मुळं जमिनीतलं नायट्रेट ओढतच राहतात आणि ते देठात साठतं. माठाचं कूळ आणि वसू यात विशेष. युरिया टाकलेल्या जागेत किंवा उकिरड्याजवळ आणखी जास्त. जनावरांना अशा चाऱ्यानं विषबाधा होते हे शेतकऱ्याला ठाऊक असतं, भाजीच्या बाबतीत ते कुणी बोलत नाही. तर खंडात सुकलेला पाला नको, खंड मोडून पाऊस झाला तरी आठवडाभर थांबा. खुडायचाच असेल तर पानं घ्या, देठ टाका, उकळून पाणी फेका. दुपारी, ऊन चांगलं असताना खुडलेल्या पाल्यात ते कमी असतं.

आणि शिजवलेली पालेभाजी रात्रभर ओट्यावर ठेवायची नाही. नायट्रेटचं नायट्राईट होतं ते तिथंच. मोठ्याला सहसा काही होत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाला उरलेली पालेभाजी मुळीच नको.

माळरान
हे नवीनच कळलं. पाथरी कच्ची खायची म्हणता, पण इथं शंखी गोगलगायी फार झाल्यात. पानांवर चकाकत्या रेघा दिसतात. धुऊन चालेल?

बालाघाटी
रेघा असलेली पाथरी कच्ची नको. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडं या गोगलगायींनी सोयाबीन फस्त केलं, तेव्हापासून त्या घराच्या कुंपणापर्यंत आल्यात. मोठ्या आफ्रिकन गोगलगायीत उंदराच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या असू शकतात, त्या माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत जातात. मिठाच्या पाण्यात बुडवून त्या मरतीलच असं नाही. शिजवलं की प्रश्न मिटतो. शिवाय गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकल्या असतील तर त्या जागेचं काहीच नको, शिजवूनही.

पाथरी रब्बीत जास्त चांगली मिळते आणि तेव्हा गोगलगायी जमिनीत दडलेल्या असतात. घोळाना, म्हणजे कच्च्या पाल्याची कोशिंबीर, तेव्हाच करा. दोन मुठी पाथरी पिण्याच्या पाण्यात तीनदा, पान उलटंपालटं करून धुवायची. बारीक चिरून एक कांदा, दोन चमचे शेंगदाण्याचा कूट, अर्धा चमचा काळं तिखट, चमचाभर कच्चं करडईचं तेल. मीठ ताटावर बसल्यावर. आधी घातलं की पाणी सुटून लगदा होतो.

परसबाग_जालना
फुलांबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

हादगा दसऱ्याच्या आगेमागे फुलायला लागतो, संक्रांतीपर्यंत चालतो. उमलायच्या बेतात असलेली कळी किंवा त्याच दिवशी उमललेलं फूल घ्यायचं. पाकळ्या उघडल्या की आत वाकडी दांडी दिसते, पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र. ती बुडासकट ओढून काढायची, बाहेरचा हिरवा पेलाही. कडूपणा सगळा तिथं असतो. वीस फुलांत एक दांडी राहिली तरी भाजी कडू लागते. मग पाकळ्या चिरून, कांदा-लसणावर परतून, दोन चमचे बेसन पेरायचं. पाच-सात मिनिटांत होते, जास्त ठेवली की चिखल.

शेवग्याचं प्रत्येक फूल म्हणजे शेंग, म्हणून झाडावरून ओरबाडू नका. रात्री झाडाखाली स्वच्छ चादर टाका, सकाळी गळलेली ताजी फुलं गोळा करा. मुंग्या फार असतात: मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, मग वर उचलून घ्या. पीठ पेरून किंवा अंड्यात परतून. पाला घ्यायचा असेल तर मधल्या शिरा काढून फक्त पानं, शिरा दाताखाली दोऱ्यासारख्या येतात.

गोकर्णाची पाच-सात ताजी फुलं, हिरवा देठ काढून, कपभर गरम पाण्यात पाच मिनिटं. निळं पाणी. लिंबू पिळलं की जांभळं. चवीला काहीच नसतं, खरं सांगायचं तर रंगासाठीच. पण शेंगा अन् बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका, त्या रेचक आहेत. गरोदर बाईनं हा चहाही घेऊ नये.

जास्वंद पाच पाकळ्यांची गावठी लाल. मधली दांडी आणि हिरवं काढून दहा फुलांच्या पाकळ्या अर्धा लिटर उकळत्या पाण्यात, गॅस बंद करून पंधरा मिनिटं, गाळून साखर आणि लिंबू. रोपवाटिकेतून नुकतीच आणलेली असेल तर वर्षभर थांबा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण फार येतो आणि त्यासाठी इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं वापरतात. ती मुळापासून फुलापर्यंत झाडाच्या रसातच असतात, वरून धुऊन काय उपयोग? याच कारणानं बाजारातला हाराचा झेंडू आणि गुलाब खायला वापरू नये. घरचा झेंडू असेल तर नुसत्या पाकळ्या, बुडाची पांढरी टोकं कातरून. ती कडू असतात.

माळरान
गावठी गुलाबाची दोन झाडं आहेत. गुलकंदाचं प्रमाण?

परसबाग_जालना
पाव किलो पाकळ्यांना पाव ते अर्धा किलो खडीसाखर कुटून. पाकळ्या धुतल्यावर सावलीत पूर्ण सुकू द्या, ओल राहिली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी. काचेच्या बरणीत थर, रोज ऊन, एक दिवसाआड कोरड्या चमच्यानं हलवणं, तीन आठवडे. पावसाळ्यात नको, उन्हाळ्यातच.

कुंपणात कण्हेर, बिट्टी, टगर, सदाफुली, घाणेरी यांतलं काही असेल तर त्यांची फुलं खायच्या परडीत एकत्र तोडू नका. देवाची परडी वेगळी, खायची वेगळी. बिट्टी आणि कण्हेर हृदय बंद पाडतात, हे वाढवून सांगत नाही.

येसर
बहावा?

परसबाग_जालना
फुलाच्या पाकळ्यांची भाजी होते, उकडून पिळून. मूठभरच, पोट सैल करतो. शेंगेतला गर तर जुलाबाचंच औषध.

दुधनाकाठ
काळ्या रानात कडवंची आहे का ते बघा, ती असेल तर बाकी सगळं विसरा. नाजूक वेल, जमिनीवर किंवा तारेवर, फळ बोराएवढं, उभ्या शिरांचं. खाली कंद असतो, तो दरवर्षी पहिल्या पावसाला फुटतो. म्हणून त्या जागी उन्हाळ्यात कुदळ चालवू नका. फळं हिरवी, बी कोवळं असतानाच तोडायची, एक दिवस उशीर झाला की बी टणक. दोन्ही टोकं खुडून मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळायची, निथळून कांदा-लसूण-कुटावर परतायची. जास्त निघाली तर उकडून कडक वाळवा, वर्षभर तळून खाता येतात. कंद खायचा नाही, कडू आणि घातक आहे.

माळरान
कुंपणाच्या तारेवर तसाच एक वेल दिसतोय, फळ अजून नाही. राखतो. शेवटचं: शेळ्या जे खातात ते माणसाला चालतं, असं शेजारच्या आजी म्हणतात.

काळी_माती
आजींना सांगा, शेळ्या रुईचाही पाला ओरबाडतात.

नवी भाजी पहिल्यांदा खाताना एका वेळी एकच प्रकार, शिजवून, दोन-तीन चमचे. दुसऱ्या दिवसापर्यंत खाज, तोंडाला चुरचुर, पोटात मुरडा नसेल तर पुढं. दोन नव्या भाज्या एकत्र केल्या तर त्रास कशाचा ते कळत नाही.

गंगथडी
सोमवारच्या बायांना काय सांगायचं ते एवढंच. आधी गाजरगवत, धोतरा, कासविंदा, दुधी उपटायचं. गाजरगवताला फूल यायच्या आत, हातात मोजे घालून, कातडीला खाज सुटते. कडवंचीच्या वेलाला आणि तांदूळजा-कुंजरच्या वाफ्याला काठी रोवून फडकं बांधा, नाहीतर एका झपाट्यात साफ होईल. तांदूळजाची चार-पाच धट्टीकट्टी रोपं बियांना सोडा. तरोटा बियांना सोडू नका, पुढच्या वर्षी पाय ठेवायला जागा राहणार नाही. उपटलेला केना बांधावर टाकू नका. पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटतात, आणि त्याला जमिनीखालीही फुलं येऊन बी धरतं. तो घमेल्यात भरून बाहेर काढा, उन्हात पत्र्यावर कडकडीत वाळवा आणि मगच उकिरड्यात घाला.